विर्शिंग घराण्याचा माग

पुण्याहून मुंबईच्या हमरस्त्याने निघाल्यावर पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत, आणि भोसरीवरून नाशिककडे वळल्यास थेट चाकणच्या माळापर्यंत, जो कारखान्यांचा पट्टा पसरलेला आहे, त्यात जर्मन तंत्रविद्येचा आणि जर्मन माणसांचा वावर साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार करून तीनचाकी मालवाहू गाड्यांचा जो उद्योग उभारला तो पुढे आकुर्डीस आला, फ्रांकेनथालच्या के.एस.बी. या पंप करणाऱ्या पेढीने पिंपरीत आपला कारखाना वसविला; मर्सिडीज-बेंझच्या मोटारी १९९५ पासून पिंपरीत जुळू लागल्या; आणि २००९ साली त्या कंपनीचा, तसाच फोक्सवागेनचा, प्रशस्त कारखाना चाकणच्या परिसरात सुरू झाला. या व्यवहारात जे अभियंते व कारागीर जर्मनीहून आले ते बहुधा मुदतीच्या करारावर आले आणि मुदत भरताच स्वदेशी परतले. त्यांच्याही पूर्वी पुण्याच्या विद्याक्षेत्रात मार्टिन हाउग १८५९ ते १८६६ पर्यंत आणि फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पर्यंत संस्कृताचे अध्यापन करून गेले. त्यांचे ग्रंथ येथे राहिले, परंतु वंश राहिला नाही.

करारावर येऊन, युद्धाच्या कचाट्यात सापडून, आणि सुटका झाल्यावरही स्वेच्छेने येथेच राहून ज्याने आपल्या नातवंडांना भारतीय केले, असा जर्मन गृहस्थ म्हणून ज्याचे चरित्र आज बऱ्याच अंशी उजेडात आले आहे ते जोसेफ विर्शिंग. म्युनिक शहरी १९०३ साली जन्मलेले आणि मुंबईत १९६७ साली निवर्तलेले हे छायालेखक ‘अछूत कन्या’, ‘महल’ आणि ‘पाकीजा’ या तीन चित्रपटांच्या कॅमेऱ्यामागे उभे होते, एवढे सांगितले तरी त्यांची योग्यता ध्यानी यावी. पडद्यावरील नामावलीत त्यांचे नाव असंख्य प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरून गेले असले, तरी हा गृहस्थ कोण, कोठला, आणि आमच्या मुलुखात कसा रुजला, ही हकिगत त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली नव्हती. ती पोहोचली ती त्यांच्या नातवाने घरातील पेट्या उघडून त्यांतील निगेटिव्ह जतन केल्या म्हणून.

विर्शिंग यांच्या स्थलांतराची मूळ कारणे पाहू गेल्यास पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीकडे दृष्टी वळवावी लागते. पराभव, नाणेफुगवटा आणि राजकीय दंगली यांनी पोळलेल्या त्या देशात चित्रपटाचा धंदा मात्र जोमाने वाढत होता. बर्लिनमध्ये ‘उफा’ ही बलाढ्य संस्था होती. तिच्याशी बरोबरी करण्याच्या ईर्ष्येने म्युनिकमध्ये १९१९ साली ‘एमेल्का’ ही संस्था उभी राहिली. तिच्यामागे पेटर ओस्टरमायर हे प्रमुख पुरुष होते आणि त्यांचे बंधू फ्रान्झ, जे ओस्टेन या नावाने चित्रपट दिग्दर्शित करीत, ते तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते. विर्शिंग यांच्या घरी नाटकाचे पोशाख आणि देखावे तयार करण्याचा व्यवसाय होता आणि मुलाने तोच पुढे चालवावा अशी अपेक्षा होती. परंतु मुलगा कॅमेऱ्याच्या नादी लागला आणि विशीच्या आतबाहेर असतानाच एमेल्काच्या छायालेखन-विभागात दाखल झाला. रंगभूमीचा पोशाख प्रकाशात कसा दिसतो आणि पडद्याचे कापड सावली कशी धरते, हे ज्ञान त्याला घरातूनच मिळाले असल्यास नवल नाही.

याच सुमारास हिमांशु राय नावाचे बंगाली तरुण, जे विलायतेस कायदा शिकावयास जाऊन नाट्यकलेत रमले होते, ते बुद्धचरित्रावर चित्रपट काढण्याची योजना घेऊन म्युनिकला आले. कथेचा आधार होता एडविन अर्नोल्ड यांचे ‘लाइट ऑफ एशिया’ हे काव्य. अर्नोल्ड हे स्वतः पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे, म्हणजे पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचे, एकेकाळचे प्राचार्य होते, ही गोष्ट पुणेकरांनी स्मरणात ठेवण्याजोगी आहे. करार असा ठरला की दिग्दर्शक, छायालेखक आणि यंत्रसामग्री एमेल्काने द्यावी, आणि नटवर्ग, स्थळे व येथील खर्च यांची तरतूद राय यांच्या बाजूने व्हावी. त्याप्रमाणे १९२५ साली फ्रान्झ ओस्टेन, विली कीरमायर आणि बावीस वर्षांचे जोसेफ विर्शिंग हे हिंदुस्थानात दाखल झाले. जयपूर दरबाराने हत्ती, घोडे आणि माणसे यांची मदत केली, राय यांनी स्वतः गौतमाची भूमिका केली आणि ‘प्रेम संन्यास’ तयार होऊन त्याच वर्षी युरोपात दाखविला गेला. विर्शिंग यांचे हे पहिले हिंदुस्थान-दर्शन. कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात आकृती रेखाटण्याची सवय लागलेल्या जर्मन छायालेखकाला राजस्थानचे प्रखर ऊन हे मोठेच आव्हान होते; त्या उन्हाने पडणाऱ्या तीव्र सावल्यांचा त्याने पुढील आयुष्यात जो उपयोग केला, त्याचा आरंभ येथेच झाला असावा असे मला वाटते.

पुढली काही वर्षे विर्शिंग जर्मनीतच होते. राय यांनी ‘शीराज’ आणि ‘प्रपंच पाश’ हे पुढील मूकपट ओस्टेन यांच्याकडूनच करवून घेतले, परंतु त्यांत बर्लिनच्या उफाचा भाग होता. तेवढ्यात बोलपट आला, जागतिक मंदी आली, १९३२ साली एमेल्काचे दिवाळे निघाले आणि १९३३ च्या जानेवारीत हिटलरच्या हाती सत्ता गेली. इकडे राय आणि त्यांच्या पत्नी देविकाराणी यांनी परदेशी आधाराने चित्रपट काढण्याचा मार्ग सोडून मुंबईतच स्वतःचे कलागृह बांधण्याचा निश्चय केला. १९३४ साली ‘बॉम्बे टॉकीज’ ही मर्यादित कंपनी स्थापन झाली; चिमणलाल सेटलवाड, फिरोज सेठना, कावसजी जहांगीर यांसारखी मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील वजनदार मंडळी तिच्या संचालक मंडळावर आली; आणि मालाड येथे एफ. ई. दिनशा यांच्या विस्तीर्ण मिळकतीत ध्वनिबंद मंच, रसायनशाळा आणि कचेरी उभी राहिली. चित्रपटाचा धंदा हा हिशेबाने, भागभांडवलाने आणि नियमित पगाराने चालवावयाचा उद्योग आहे, ही दृष्टी तेव्हा आपल्याकडे विरळ होती. मालाडच्या कंपनीने ती प्रत्यक्षात आणून दाखविली.

या कलागृहासाठी राय यांनी जर्मनीहून जी माणसे आणली त्यांत ओस्टेन दिग्दर्शक, विर्शिंग छायालेखक, काउंट कार्ल फॉन श्प्रेटी नेपथ्यकार आणि विल्हेल्म त्सोले रसायनशाळेचे प्रमुख असे चौघे होते. श्प्रेटी हे पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७० साली ग्वाटेमालात बंडखोरांच्या हातून मारले गेले. ‘जवानी की हवा’ या १९३५ मधील चित्रपटापासून ‘कंगन’ या १९३९ मधील चित्रपटापर्यंत ओस्टेन आणि विर्शिंग या जोडीने वर्षाला तीन-चार चित्रपट या गतीने काम केले. ओस्टेन यांना हिंदी येत नव्हते. संवादांचा अर्थ आणि सूचनांचा रोख हा इंग्रजीतून इकडून तिकडे पोहोचविला जाई. विर्शिंग यांच्या कामास मात्र भाषेची अडचण कमी पडे. ‘अछूत कन्या’ (१९३६) मध्ये देविकाराणी आणि अशोककुमार यांचे चेहरे त्यांनी ज्या मृदू प्रकाशात धरले, आणि रेल्वेच्या फाटकाजवळील प्रसंग ज्या गंभीर काळोखात उभे केले, ते आजही पाहिले असता कालबाह्य वाटत नाहीत. अशोककुमार हे मूळचे रसायनशाळेतील सहायक. ‘जीवन नैया’च्या वेळी नायकाची जागा अकस्मात रिकामी झाल्यामुळे ते कॅमेऱ्यासमोर आणले गेले, आणि ज्या निगेटिव्ह ते हाताळीत होते त्यांवरच त्यांचे स्वतःचे चित्र उमटू लागले. ‘इज्जत’ (१९३७) हा भिल्ल आणि मराठे यांच्या संघर्षावरील चित्रपटही याच जोडीचा.

वंशवृत्तान्ताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की चित्रीकरणाचे काम आटोपल्यावर विर्शिंग आपला हातातील कॅमेरा बाजूस ठेवीत नसत. दोन दृश्यांच्या मधल्या वेळात दिवे हलविणारे कामगार, रंगभूषा करून घेणाऱ्या नट्या, झाडाखाली टेकलेली मंडळी, बाह्यचित्रणासाठी निघालेला लवाजमा, कॅमेऱ्याच्या गाड्याजवळ उभे असलेले सहायक, हे सर्व ते टिपीत गेले. कंपनीच्या जाहिरातीसाठी लागणारी छायाचित्रे त्यांत होती, तशीच कोणाच्याही मागणीवाचून घेतलेलीही पुष्कळ होती. त्या काळच्या बहुसंख्य हिंदी चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह नष्ट झालेल्या आहेत, आणि कलागृहांची कागदपत्रे तर त्याहून वाईट रीतीने विस्कटली. अशा स्थितीत एका छायालेखकाच्या घरातील हा संग्रह पुढे केवढा मोलाचा ठरणार होता याची कल्पना त्या वेळी कोणासही नसणार.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी लोकप्रतिनिधींचा सल्ला न घेता हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याबरोबर हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. व्यापारी, धर्मोपदेशक, अभियंते, वैद्य, आणि हिटलरच्या जुलमाला भिऊन येथे आश्रयाला आलेले ज्यूसुद्धा ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ या एकाच सदरात घालून अहमदनगरच्या छावणीत रवाना करण्यात आले. ‘कंगन’चे काम चालू असताना मालाडच्या कलागृहातील जर्मनांवरही हा प्रसंग आला. ओस्टेन हे १९३६ पासून नाझी पक्षाचे सभासद होते, ही गोष्ट लपवून ठेवण्याचे कारण नाही. तथापि त्यांचे वय साठीच्या पुढे गेलेले असल्यामुळे त्यांना लवकरच मुक्त करून जर्मनीस जाऊ देण्यात आले. छत्तिशीतील विर्शिंग यांना अशी सवलत मिळणे शक्य नव्हते. युद्ध संपेपर्यंत त्यांचा काळ नजरकैदेत गेला.

अहमदनगरास हा प्रकार नवा नव्हता. पहिल्या महायुद्धातही जर्मन नागरिकांना तेथेच डांबले होते, आणि मुंबई-पुण्याच्या धर्मप्रांतात शाळा चालविणाऱ्या जर्मन जेझुइट पाद्र्यांचे कार्य त्याच वेळी खंडित झाले. या खेपेस सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमून अटकेतील प्रत्येकाची चौकशी झाली आणि निरुपद्रवी ठरलेल्या बऱ्याच जणांस १९३९ अखेर मोकळे केले गेले. परंतु १९४० च्या मे महिन्यात हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसताच सरकारचा संशय पुन्हा बळावला आणि सुटलेल्यांपैकी अनेकांना परत आत जावे लागले. १९४१ मध्ये अहमदनगरचे कैदी प्रथम देवळालीस आणि तेथून डेहराडूनच्या मोठ्या छावणीत हलविले गेले. या मार्गाने गेलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन कैद्यांत गिर्यारोहक हाइनरिख हारर हेही होते, जे १९४४ साली डेहराडूनहून पळून तिबेटात पोहोचले. स्त्रिया, मुले आणि ज्यांच्यावर फारसा संशय नव्हता अशी कुटुंबे यांच्यासाठी हमीपत्रावर राहण्याच्या वसाहती केल्या होत्या. आपल्या भागात अशा दोन होत्या: एक साताऱ्यास, आणि दुसरी पुरंदरच्या किल्ल्यावर, जेथे ब्रिटिशांनी पूर्वीपासून लष्करी आरोग्यधाम बांधलेले होते. शिवछत्रपतींनी मिर्झाराजांशी ज्या गडाच्या नावाने तह केला, त्याच गडावरील बराकींत म्युनिक, बर्लिन आणि व्हिएन्नाची मुले चार-पाच वर्षे वाढली, ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासात आजवर जेमतेम दोन ओळींची धनी झाली आहे. ती अधिक विस्ताराने लिहिली जावयास हवी.

विर्शिंग यांच्या अटकेने बॉम्बे टॉकीज बुडाली नाही. हिमांशु राय मात्र युद्धाचा ताण आणि धंद्याचा भार यांनी खचून १९४० च्या मे महिन्यात वारले. त्यांच्यामागे देविकाराणींनी कारभार सांभाळला आणि जर्मनांच्या हाताखाली तयार झालेल्या हिंदी तंत्रज्ञांनी रिकाम्या जागा भरून काढल्या. १९४३ मधील ‘किस्मत’ हा चित्रपट, जो कलकत्त्याच्या एकाच चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक चालला, त्याचे छायालेखन आर. डी. परींजा यांचे होते. राय यांनी परदेशी माणसे आणली ती शिकविण्याच्या अटीने, कायमचे अवलंबून राहण्यासाठी नव्हे; आणि युद्धाने ती अट अकाली का होईना, पुरी झाल्याचे सिद्ध केले.

युद्ध संपल्यावर बहुसंख्य जर्मन कैद्यांची जर्मनीस रवानगी करण्यात आली. म्युनिक बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेले होते, देश चार सत्तांत वाटला गेला होता, आणि इकडे हिंदुस्थान स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा होता. विर्शिंग कुटुंब येथेच राहिले. ज्या मुलुखात आयुष्यातील उमेदीची वर्षे काम केले आणि ज्याच्या सरकारने सर्वांत मोठी आपत्तीही दिली, तोच मुलूख घर म्हणून पतकरणे, यात परिस्थितीचा रेटा किती आणि प्रेम किती हे वेगळे करून दाखविता येणार नाही. परंतु पुढील वीस वर्षांचे काम पाहता प्रेमाचा वाटा लहान नसावा असा माझा निर्णय आहे.

१९४९ साली बॉम्बे टॉकीजनेच कमाल अमरोही यांच्या दिग्दर्शनाखाली ‘महल’ काढला. ओसाड हवेली, झोपाळा, दीप, वाऱ्याने हलणारे पडदे आणि काळोखातून उजळणारा मधुबालेचा चेहरा, या चित्रपटाचा सगळा प्रभाव प्रकाशाच्या योजनेवर उभा आहे. लता मंगेशकरांच्या ज्या गीताने त्यांचे नाव घरोघर पोहोचविले, त्या गीताला अंगावर काटा आणणारे दृश्यरूप विर्शिंग यांच्या कॅमेऱ्याने दिले. म्युनिकमध्ये मूकपटाच्या काळी जो छायाप्रकाशाचा संस्कार त्यांच्यावर झाला, तो चोवीस वर्षांनी ‘महल’च्या कल्पित वाड्यात येऊन सामावला. अमरोही यांनी त्यानंतर या जर्मन कलावंतास सोडले नाही. ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) हा त्यांच्या संस्थेचा चित्रपट विर्शिंग यांनीच चित्रित केला, आणि ‘पाकीजा’चे दीर्घकालीन कामही त्यांच्याच हाती सोपविलेले होते. अमरोही आणि मीनाकुमारी यांच्या वितुष्टामुळे ते काम मध्येच थांबले. विर्शिंग १९६७ साली मुंबईत वारले. आणि इतर छायालेखकांच्या साहाय्याने पुरा झालेला तो चित्रपट १९७२ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मराठा मंदिरात लागला, तेव्हा त्याच्या नामावलीत विर्शिंग यांचे नाव कायम होते.

त्यांच्यामागे घरात राहिला तो छायाचित्रांचा आणि निगेटिव्हचा मोठा साठा. नातू गेऑर्ग विर्शिंग यांनी तो जपला, लावला आणि अभ्यासकांना खुला केला. आल्काझी प्रतिष्ठानाच्या साहाय्याने या छायाचित्रांचे प्रदर्शन डिसेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात मांडले गेले. पुढे चित्रपट-इतिहासकार देबश्री मुखर्जी यांनी त्यांवर आधारलेला बॉम्बे टॉकीजचा सचित्र ग्रंथ संपादित केला. आजोबांचा शोध घेताना नातवाच्या हाती एका सबंध कलागृहाचा इतिहास आला. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत असे दिवेवाले, सुतार आणि सहायक त्या छायाचित्रांतून आज प्रथमच समोर उभे राहतात.

असा शोध ज्यांस घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठी सरकारी साधने नाहीत असे नाही. जर्मनीत सर्व राज्यांत जन्ममृत्यूची मुलकी नोंद १८७६ पासून सक्तीची झाली, आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा-विवाहांच्या वह्या आहेत. इकडच्या बाजूस परकीयांच्या नोंदणीची आणि नजरकैदेची कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, लंडनच्या इंडिया ऑफिस संग्रहात आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्याच्या दप्तरखान्यात धुंडाळावी लागतात. परंतु या कागदांचा स्वभाव ओळखून घ्यावा. सरकार परक्या माणसाची नोंद करते ती तो सरहद्द ओलांडतो तेव्हा, किंवा त्याचा संशय येतो तेव्हा. विर्शिंग यांच्या आयुष्यातील नजरकैदेची वर्षे सरकारी कागदांत सापडणे स्वाभाविक आहे; कॅमेऱ्यामागील चाळीस वर्षांचे काम तेथे सापडावयाचे नाही. ते त्यांच्या घरात होते म्हणून राहिले.

पिंपरी, आकुर्डी आणि चाकणच्या कारखान्यांत ज्यांचे वडील वा आजोबा जर्मन कारागिरांच्या शेजारी उभे राहून यंत्रे बसवीत होते, त्यांच्या कपाटांत त्या वेळची छायाचित्रे, प्रशिक्षणासाठी जर्मनीस गेल्याची पत्रे, पहिली गाडी बाहेर पडली त्या दिवसाचे समूहचित्र, अशा वस्तू अद्याप असतील. हा पट्टा उभा राहताना ज्यांनी पाहिला ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्या कागदांवरील माणसांची नावे, गावे आणि साल त्यांच्याकडून आजच विचारून मागील बाजूस लिहून ठेवावीत, आणि घर बदलताना वा आवरताना ते गठ्ठे रद्दीत जाऊ देऊ नयेत, एवढी या भागातील वाचकांस माझी विनंती आहे.